गाडी रुंदावली, रस्ता तेवढाच



आपल्या या कार्यक्रमात आम्ही रोज दिसणाऱ्या वस्तूंचा इतिहास सांगत असतो. आजची वस्तू चार चाकांची आहे. लहान मोटारगाडी. पण तिच्याबद्दल सगळं सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही, म्हणून आज एकच गोष्ट घेऊ. तिची रुंदी.

तुमच्यातली एखादी म्हणेल, "गाडीची रुंदी घेऊन आम्ही काय करायचं? गाडी ना आमच्या दारात, ना आमच्या नावावर." खरं आहे. पण गाडी ज्या रस्त्याने जाते, त्याच रस्त्याच्या कडेने आपण चालतो. कधी डोक्यावर वैरणीचा भारा असतो, कधी कडेवर लेकरू. आपल्या पोरी त्याच कडेने सायकलवर शाळेला जातात. गाडी जेवढी रुंद, तेवढी आपली कड अरुंद. म्हणून हा हिशोब आपलाही आहे.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी आपली टेप हातात घ्यावी. शिवणाची टेप १५० सेंटिमीटरची असते, म्हणजे दीड मीटर. आजच्या बोलण्यात ही टेपच आपलं माप. कुठली गाडी टेपच्या आत मावते आणि कुठली बाहेर जाते, एवढंच बघत जाऊ.

सुरुवात विलायतेतून करू, कारण लहान गाडीची गोष्ट तिथे फार ठळक दिसते. १९५६ साली इजिप्तने सुएझ कालवा आपल्या ताब्यात घेतला. त्यावरून लढाई झाली, कालवा बंद पडला आणि युरोपात तेलाची टंचाई आली. इंग्लंडमध्ये त्या वर्षाच्या डिसेंबरपासून पेट्रोल रेशनवर मिळू लागलं. रॉकेलच्या डब्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या आया-सासवांना हे वेगळं सांगायला नको. तेल कमी, तर गाडी कमी पिणारी हवी, म्हणजेच लहान हवी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीच्या प्रमुखांनी, लिओनार्ड लॉर्ड यांनी, हे काम अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे सोपवलं.

इसिगोनिस यांनी जी गाडी केली तिचं नाव मिनी. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात आली. लांबी तीन मीटरच्या किंचित वर. रुंदी सुमारे १४० सेंटिमीटर. म्हणजे टेपच्या आत, वर दहा सेंटिमीटर शिल्लक. पाच फुटी बाईने दोन्ही हात पसरले तर तिची बोटं या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या बाहेर जातील, एवढीच ती. चाकं अवघी दहा इंचांची. तरी आत चार माणसं बसायची.

हे जमलं कसं? तोवर बहुतेक गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असायचं. इसिगोनिस यांनी ते आडवं बसवलं. लहान स्वयंपाकघरात ओटा भिंतीलगत आडवा घातला की मधे वावरायला जागा होते, तसंच हे. गाडी वाढवायची नाही, आतली मांडणी बदलायची. पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी हीच मांडणी उचलली.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९५७ साली, इटलीत फियाट ५०० आली होती. ती करणारे दान्ते जाकोसा. ती तर मिनीहून लहान. रुंदी १३२ सेंटिमीटर, लांबी तीन मीटरच्या आत. स्कूटरवर आख्खं कुटुंब बसवून फिरणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावं, असा त्या गाडीचा हेतू.

फियाट हे नाव आपल्याला परकं नाही. फियाटचीच एक गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती तुम्ही सिनेमात तरी पाहिलीच असेल. चार-पाच माणसं, टपावर बोचकी, आणि रुंदी सुमारे १४६ सेंटिमीटर. तीही टेपच्या आत. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली.

आता पुढचं ऐका. मिनी हे नाव पुढे बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीकडे गेलं. २००१ साली तिने नवी मिनी आणली. रुंदी जवळपास १६९ सेंटिमीटर. २०१४ च्या पिढीत ती १७३ च्या आसपास गेली. नाव मिनी, म्हणजे लहान, आणि अंग वाढलं ३३ सेंटिमीटरने, म्हणजे दीड वीत. फियाट ५०० देखील २००७ साली नव्याने आली, जवळपास १६३ सेंटिमीटरची. तीही दीड वीत रुंदावली.

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ १९७४ साली आली तेव्हा १६१ सेंटिमीटर रुंद होती. तिची आठवी पिढी १७९ सेंटिमीटरची आहे. गोल्फच्या खालची धाकटी म्हणून १९७५ साली पोलो आली. पोलोही पिढीगणिक वाढत गेली. मग तिच्या खाली १९९८ साली लुपो आणली, पुढे २०११ साली अप. आता गंमत बघा. ही अप, म्हणजे घरातली सगळ्यात धाकटी, १६४ सेंटिमीटर रुंद होती. पहिल्या गोल्फपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. म्हणजे नंतरच्या शेंडेफळाचं अंग आधीच्या थोरलीपेक्षा रुंद.

युरोपातल्या ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ च्या जानेवारीत एक हिशोब मांडला. तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ साली १७७.८ सेंटिमीटर होती, ती २०२३ च्या पहिल्या सहामाहीत १८०.३ झाली. दर दोन वर्षांना एक सेंटिमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे किती? करंगळीच्या टोकाएवढा. म्हणूनच तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. झंपर दर वर्षी एक टाका सैल करत गेलात तर दहा वर्षांनी तो दुसऱ्याच बाईचा वाटेल, तसं हे आहे.

गाड्या रुंद का होतात? कुणी मुद्दाम आपली वाट अडवायला गाडी रुंद करत नाही. कारणं आहेत, आणि त्यातली काही चांगली आहेत.

पहिलं कारण सुरक्षेचं. समोरून टक्कर झाली तर गाडीच्या पुढच्या भागात चेपायला जागा असते. बाजूने टक्कर झाली तर माणूस आणि धडकणारी गाडी यांच्यामध्ये फक्त दार असतं. जुन्या गाड्यांचं दार म्हणजे पत्र्याची दोन पानं. आता दारात पोलादी पट्टी घालतात, सीटच्या कडेला हवेची पिशवी बसवतात, आणि दार व बसणारा यांत अंतर ठेवतात. हे सगळं मावायला रुंदी लागते. आपल्या देशात समोरच्या आणि बाजूच्या टकरीचे नियम नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. त्यामुळे आत बसलेल्यांचे जीव वाचतात. ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. लेकीला बाळंतपणाला गाडीतूनच नेतो ना आपण? ती गाडी मजबूत असलेली आपल्यालाही हवी.

दुसरं कारण तोल. लोकांना आता उंच गाडी आवडते. आत चढायला-उतरायला सोपी, खड्ड्यात खाली न घासणारी. पण उंच गोष्टीला बूड रुंद लागतं, नाहीतर ती वळणावर कलते. उतरंडीची खालची मडकी रुंद का असतात, ते तुम्हाला माहीतच आहे. गाडी उंच झाली की चाकांमधलं अंतर वाढतं, टायरही रुंद होतात.

तिसरं कारण ऐसपैसपणा. मागे तिघांना खांद्याला खांदा न घासता बसायचं असतं. चौथं कारण कारखान्याचं. कंपन्या आता एकच सांगाडा करतात आणि त्यावर चार-पाच प्रकारच्या गाड्या उभ्या करतात. मोठ्या गाडीला जो सांगाडा पुरेल, तोच धाकटीला येतो. मोठ्या बहिणीच्या मापाचा फ्रॉक धाकटीला घालावा, तसा. आणि पाचवं कारण बाजाराचं. नवं मॉडेल जुन्यापेक्षा "मोठं" आहे, असं सांगता आलं की ते खपतं.

सुरक्षेबद्दल बोललो, तर माप कुणाच्या अंगाचं घेतात तेही ऐकून ठेवा. टकरीच्या चाचणीत गाडीत माणसाच्या जागी पुतळा बसवतात. जगभर सगळ्यात जास्त वापरला गेलेला पुतळा अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने १९७६ साली केला. तो सरासरी अमेरिकन पुरुषाच्या अंगाचा, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. बाईचा म्हणून जो पुतळा पुढे वापरात आला, तो फार लहानखुऱ्या बाईच्या मापाचा होता. सरासरी बाईच्या अंगाचा, १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमधल्या संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली पुढे आणला. मधे किती वर्षं गेली बघा. ज्याचं माप घेतलं जातं, त्याची सोय होते. ज्याचं माप कुणी घेत नाही, त्याने जुळवून घ्यायचं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता आपल्या देशात येऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी विकली गेली. तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली दिली. मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांत आलेली ही पहिलीच गाडी. पुढे तीस वर्षं, जानेवारी २०१४ पर्यंत, ती बनत राहिली. रुंदी सुमारे १४४ सेंटिमीटर. टेपच्या आत. २००९ साली टाटांची नॅनो आली. तिची रुंदी १४९.५ सेंटिमीटर. टेपच्या शेवटच्या रेघेपर्यंत आली, पण आतच राहिली. आजची ऑल्टो के-१० ही १४९ सेंटिमीटरची आहे. म्हणजे अरुंद गाडी करता येतच नाही असं नाही.

पण बाकीच्या बघा. २००५ साली आपल्याकडे आलेली स्विफ्ट १६९ सेंटिमीटर रुंद होती. २०१८ च्या पिढीत ती १७३.५ झाली. वॅगन-आर १९९९ च्या डिसेंबरात आली तेव्हा दीड मीटरच्या आत होती. २०१९ साली आलेली वॅगन-आर १६२ सेंटिमीटरची आहे. टेप संपली की पुढे आणखी बारा सेंटिमीटर.

इथे सरकारी नियमाचा एक धागा आहे, तो नीट धरायला हवा. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान गाडी कुणाला म्हणायचं? जिची लांबी चार मीटरपेक्षा जास्त नाही, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही चार मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तोही याच मापावर.

या नियमात लांबी आहे, इंजिन आहे. रुंदी नाही. मग कंपन्यांनी काय केलं असेल? तुम्ही शिंपीकाम करणाऱ्या बाया, तुम्हाला लगेच कळेल. गिऱ्हाईक म्हणालं की लांबी एवढीच ठेवा पण कापड भरपूर वापरा, तर घेर वाढणारच. कंपन्यांनी गाडीची शेपटी कापली, लांबी चार मीटरच्या आत कोंबली, आणि जागा मिळवली ती उंचीत आणि रुंदीत. आज रस्त्यावर मागून अचानक कापल्यासारख्या आखूड पण रुंद गाड्या दिसतात, त्या या नियमाने घडवलेल्या आहेत.

याच्या उलट नियम कुठे आहे का? आहे. जपानमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान गरीब होता, रस्ते अरुंद होते, तेल बाहेरून यायचं. १९४९ साली तिथल्या सरकारने छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग केला. त्याला केई म्हणतात, म्हणजे हलकी. तिला कर कमी, पण अट कडक. आणि या अटीत लांबीबरोबर रुंदीही लिहिलेली होती. १९५० पासून रुंदीची मर्यादा १३० सेंटिमीटर होती. १९७६ साली ती १४० केली. १९९८ साली टकरीतल्या सुरक्षेसाठी १४८ केली. तिथून पुढे आजपर्यंत ती १४८ वरच आहे. म्हणजे जपान्यांनी सुरक्षा सोडली नाही. सुरक्षेसाठी जेवढं वाढवायचं तेवढं वाढवलं, मोजून वाढवलं, आणि पुन्हा रेघ मारली. आज जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तीनांतली एक तरी केई असते. खेड्यापाड्यांत तर ती घरोघरी. शेतकरी भाजी न्यायला केई ट्रक वापरतात. त्यांच्या गल्ल्या आपल्या गावठाणातल्या बोळांसारख्याच अरुंद आहेत.

केईपेक्षा मोठ्या गाड्यांचं काय झालं, तेही सांगतो. त्यांना १७० सेंटिमीटर रुंदीची एक रेघ होती. ती ओलांडली की कर बराच चढायचा. १९८९ साली करपद्धत बदलली, रुंदीऐवजी इंजिनावर कर लागू लागला. त्यानंतर त्या वर्गातल्या गाड्या एकामागून एक १७० च्या बाहेर गेल्या. बांध काढला की पाणी शेजारच्या वावरात शिरतं, तसंच.

आता सगळ्यात बोलकी गोष्ट. वॅगन-आर ही मूळची जपानी केई गाडी. २०१७ साली जपानमध्ये तिची नवी पिढी आली, तिची रुंदी १४७.५ सेंटिमीटर. दोन वर्षांनी आपल्याकडे नवी वॅगन-आर आली, तिची रुंदी १६२ सेंटिमीटर. नाव एक, घराणं एक, काळ जवळपास एकच. फरक साडेचौदा सेंटिमीटरचा. जपानी माणसाला ऐसपैस बसायला आवडत नाही का? तिथे रुंद गाडी करायचं ज्ञान नाही का? सगळं आहे. फक्त तिथल्या नियमात रुंदीची रेघ आहे आणि आपल्या नियमात नाही.

पॅरिस शहराने तिसरंच माप धरलं. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे लोकांचं मत घेतलं. बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना शहरात उभं राहण्याचं भाडं तिप्पट करावं का, हा प्रश्न. मतदानाला फार थोडे लोक गेले, पण गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हो म्हटलं. त्यांनी वजन मोजलं. जपानने रुंदी मोजली. आपण लांबी मोजली. इतिहास एवढंच सांगतो, की नियम जे मोजतो ते आवरतं, आणि जे मोजत नाही ते पसरतं.

आता हे सगळं आपल्या रस्त्यावर आणू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. त्या योजनेतल्या रस्त्याच्या डांबरी पट्ट्याची रुंदी साधारण ३ मीटर ७५ सेंटिमीटर धरतात. रहदारी फारच कमी असेल तर ३ मीटर. हा पट्टा एका वेळी एकाच गाडीसाठी आखलेला असतो. समोरून दुसरी आली तर चाक खाली साइडपट्टीवर उतरवायचं, हे त्यात धरलेलंच आहे. साइडपट्टी दोन्ही बाजूंना दीड मीटर किंवा त्याहून थोडी जास्त असावी लागते.

आता वही घ्या. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर दोन मारुती ८०० समोरासमोर आल्या. १४४ आणि १४४ मिळून २८८. शिल्लक ८७ सेंटिमीटर. बेताने का होईना, दोघी डांबरावरच एकमेकींना वाट देतील. आता त्याच रस्त्यावर आजच्या दोन स्विफ्ट आणा. १७३.५ आणि १७३.५ मिळून ३४७. शिल्लक २८ सेंटिमीटर. त्यातही दोन्ही बाजूंचे आरसे या मापात धरलेले नाहीत. म्हणजे एकीला तरी खाली उतरावंच लागणार. तीन मीटरच्या रस्त्यावर तर दोन नव्या गाड्या डांबरावर मावणारच नाहीत.

आणि खाली उतरणार म्हणजे कुठे? साइडपट्टीवर. तिथे कोण असतं? आपण. गडी मोटरसायकलवर जातो, बाई पायी जाते. अंगणवाडीला, रेशनला, रानात, बचत गटाच्या बैठकीला. म्हणजे रुंदीचे हे सेंटिमीटर हवेतून आलेले नाहीत. आत बसणाऱ्याला जी ऐसपैस जागा मिळाली, तिचा काही वाटा बाहेर चालणाऱ्याच्या पायाखालून गेलेला आहे. त्याची पावती मात्र कुणी फाडलेली नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉली आणि एसटी तर आधीपासूनच रुंद आहेत, मग बिचाऱ्या लहान गाडीलाच का बोलायचं, असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. पण एसटी दिवसातून चार वेळा येते, उसाची ट्रॉली हंगामात येते. तिचा आवाज लांबून येतो, आपण आधीच बाजूला होतो. गाड्या दिवसभर येतात, वेगाने येतात, आणि दर वर्षी संख्येने वाढतात.

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतला जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. हे सगळे मृत्यू गाडीच्या रुंदीमुळे झाले असं कुणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. वेग, दारू, अंधार, खड्डे, सगळंच त्यात आहे. पण चालणाऱ्याला कड राहिली नाही की या प्रत्येक कारणाची धार वाढते, हे तर दिसतंच.

मग आपल्या हातात काय? गाडीचा नियम दिल्लीत ठरतो, तो आपण उद्या बदलू शकत नाही. पण रस्त्याची कड गावात आहे. तिचं माप आपण घेऊ शकतो.

गटातल्या चौघीजणी टेप घेऊन निघा. शाळेच्या रस्त्यावर दर शंभर पावलांवर तीन मापं लिहा: डांबर किती, डावी साइडपट्टी किती, उजवी किती. कुठे पट्टी वाहून गेलीय, कुठे डांबराच्या कडेला वीतभर खाच पडलीय, कुठे बाभळी पुढे आल्यात, कुठे कुणाचा उकिरडा किंवा कुंपण पट्टीवर आलंय, ते लिहा. ज्या जागी चालणाऱ्याला उभं राहायलाही कड नाही, तिथे फुली मारा.

हा कागद ग्रामसभेत न्या. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, हे आपल्या महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथे तो आधी वाचा, ठराव करा आणि लिहून घ्या. मागणी साधी ठेवा. साइडपट्टीत मुरूम भरून दाबून घ्या, झुडपं काढा, शाळेजवळ गतिरोधक करा. रस्ता ग्रामसडक योजनेतला असेल तर पहिली पाच वर्षं त्याची देखभाल ठेकेदारानेच करायची असते. रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते, ती वाचा आणि तारीख टिपून घ्या. "रस्ता खराब आहे" असं नुसतं म्हटलं तर उत्तर मिळतं, "बघू". "शाळेपासून दोनशे पावलांवर डावी पट्टी फक्त ४० सेंटिमीटर उरलीय" असं म्हटलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि ज्यांच्या घरी गाडी येणार आहे, त्या मैत्रिणींनाही एक सांगणं. शोरूममध्ये आपण अ‍ॅव्हरेज विचारतो, रंग बघतो, हप्ता किती ते विचारतो. एक प्रश्न आणखी विचारा: रुंदी किती? सुरक्षेची चाचणी बघाच, त्यात तडजोड नको. पण दोन सारख्याच सुरक्षित गाड्या समोर असतील तर आपल्या बोळातून, आपल्या रस्त्यावरून, आपल्याच शेजारणीला ढकलून न देता जाईल ती घ्या.

साठ-सत्तर वर्षांत लहान गाडी टेपच्या आतून टेपच्या बाहेर गेली. ती हळूहळू गेली, म्हणून कुणी अडवलं नाही. जिथे कुणीतरी माप लिहून ठेवलं होतं, तिथेच ती थांबली. आपल्या रस्त्याच्या कडेचं माप अजून कुणी लिहिलेलं नाही. ते आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वर्षी परत मोजा. कड वाढली की कमी झाली, ते आम्हालाही कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमची मापं आम्ही गावाच्या नावानिशी वाचून दाखवू.